स्पितीत हिवाळ्यात सायकल: बर्फासाठी टायर कोणते घ्यावे?

चोरलघाट (इंदूर)

फेब्रुवारीच्या शेवटी शिमला – नारकंडा – रामपूर – रिकाँगपिओ – नाको – ताबो – काझा हा रस्ता सायकलने करायचा विचार आहे. मनालीकडचा कुंझुम घाट (४,५५१ मीटर) तेव्हा बंद असतो, त्यामुळे किन्नौरकडून जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. रस्ता आणि मुक्काम यांचा अभ्यास चालू आहे, अडलंय ते टायरपाशी.

सायकल: हायब्रिड, अॅल्युमिनियम फ्रेम, केबलचे डिस्क ब्रेक, रिम आतून १९ मिमी, सध्या ७००×३८ चे गुळगुळीत टायर. मागे कॅरियर, दोन्ही मडगार्ड. मी, सायकल आणि सामान मिळून वजन ९५ किलोच्या आसपास.

प्रश्न असे:
१. फॅट बाइकच (चार-एक इंच रुंद टायरची सायकल) लागते का, की याच सायकलवर निभेल?
२. खिळेवाले टायर दोन्ही चाकांना हवेत की एकाच?
३. रुंदी किती, हवा किती?
४. बसवणं, रुळवणं, मोजमाप यांतलं काय काय इंदूरातच उरकता येईल?

रामबागेतला (इंदूर)

इंदूरकरांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता. तोही कपात घेतला तर बरा, काडीवरचा घसरतो. जाणकार येईपर्यंत मी जागा धरून बसतो.

उणे_वीस (मूळ नारायणबाग, हल्ली औलू, फिनलंड)

ताई, 'बर्फासाठी टायर' असा एकच प्रकार नसतो. चाकाखाली नक्की काय येणार, त्यावर सगळं ठरतं. निदान चार गोष्टी वेगळ्या धराव्या लागतील.

ताजा, भुसभुशीत हिम. यात खिळ्यांचा काडीचाही उपयोग नाही, कारण त्यांना रुतायला कठीण असं काही मिळतच नाही. इथे काम करतात ते उंच, सुटे सुटे गुटके, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे. थर पाच-सात सेंटिमीटरचा असेल तर ३५-४० मिमीचा टायर तो कापून खालच्या रस्त्याला टेकतो आणि बरा चालतो. त्याहून जाड थर असला तर एकतर तरंगायला चार इंची फॅट टायर आणि ६ ते १० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा हवी, नाहीतर उतरून ढकलायचं.

दाबून घट्ट झालेलं हिम. सायकलला सगळ्यात सोपं. थंडी चांगली असली तर गुटकेवाला साधा टायरही धरतो. औलूचे सायकलमार्ग हिवाळाभर असेच ठेवतात: यंत्राने हिम बाजूला सारतात, वरून बारीक खडी टाकतात. २०१३ साली हिवाळी सायकल परिषद पहिल्यांदा भरली ती याच गावात.

पाणी मिसळलेला लगदा. यात अरुंद टायर बरा, रुंद टायर त्यावर तरंगून आडवा जातो.

आणि चौथं, निखळ गोठलेलं पाणी. डांबरावर पातळ, पारदर्शक थर असतो, लांबून नुसता रस्ता ओला दिसतो. त्यावर रबर कितीही मऊ असो, गुटके कितीही खोल असोत, फॅट बाइक असो की आणखी काही, पकड नाही म्हणजे नाही. तिथे फक्त खिळा चालतो. बहुतेक लोक फसतात ते इथेच. रुंद टायर पाहिला की धीर येतो, पण चार इंच रुंदीचा गुळगुळीत स्पर्श काचेवर गुळगुळीतच राहतो.

तुमच्या रस्त्यावर या चारांपैकी काय किती भेटेल, ते तिकडची माहिती असलेल्याने सांगावं. त्याआधी टायर मागवू नका.

स्पोक (इंदूर)

त्या रस्त्याबद्दल लिहितो.

शिमला-काझा रस्ता हिवाळ्यातही सुरू ठेवतात. मोठी हिमवृष्टी झाली किंवा हिमकडा कोसळला तर काही तास किंवा काही दिवस बंद, मग यंत्रं लावून मोकळा. याचा अर्थ ताजं खोल हिम तुम्हाला रस्त्यावर क्वचितच भेटेल. ते भेटलं त्या दिवशी गाड्याही अडकलेल्या असतात, तेव्हा मुक्काम वाढवायचा, विषय संपला.

रोज भेटणारी गोष्ट वेगळी. किन्नौरचा वरचा भाग आणि स्पिती पर्जन्यछायेत येतात. उन्हाच्या अंगाचा रस्ता कोरडा ठणठणीत, धूळ उडते. वळण घेतलं की सावलीचं अंग, तिथे पन्नास-शंभर मीटर बर्फाची लादी. विशेष धोक्याची जागा म्हणजे रस्ता ओलांडणारे नाले. दुपारी वरचं हिम वितळतं, पाणी रस्त्यावरून वाहतं, ऊन उतरलं की जागच्या जागी गोठतं. रोज एक नवा थर. त्यावरून ट्रक गेले की चाकोऱ्या पडतात आणि रात्री त्या दगडासारख्या घट्ट होतात. खाबहून नाकोकडे चढणारी वळणं, पुढचा मलिंग नाला, ताबो-काझा दरम्यानचे सावलीतले पट्टे, ही ठिकाणं नकाशावर आत्ताच खुणावून ठेवा.

म्हणजे बराचसा प्रवास कोरडं डांबर आणि खडी, आणि मध्ये मध्ये निखळ बर्फ. उणे_वीस यांच्या यादीतला चौथा प्रकार. फॅट बाइकचा विचार सोडा. कोरड्या चढावर ती दमवेल आणि लादीवर वाचवणार नाही.

शिमला-रामपूर टप्प्याचं एक लक्षात घ्या. कुफ्री आणि नारकंडा २,५०० ते २,७०० मीटरच्या आसपास आहेत, फेब्रुवारीत तिथे बर्फ असतो आणि गाड्यांची गर्दीही असते. खाली रामपूर मात्र जेमतेम हजार मीटरवर. माझं मत, शिमला ते रामपूर बसने जावं आणि सायकलवर रामपूरला बसावं.

चोरलघाट

रामपूरपासून सुरुवात, मान्य. म्हणजे खिळेवाला टायर नक्की. पण प्रत्येक कंपनीचे दोन-तीन प्रकार दिसतात, कुठे शंभर खिळे तर कुठे अडीचशे. जास्त खिळे म्हणजे जास्त चांगला, इतका सोपा हिशोब आहे का?

उणे_वीस

संख्येपेक्षा ते कुठे बसवलेत ते बघा.

कमी खिळ्यांच्या टायरमध्ये दोन ओळी असतात. सपाट बर्फावर, सरळ जाताना तेवढं पुरतं, आणि टायर हलकाही असतो. चार ओळींच्या टायरमध्ये बाहेरच्या दोन ओळी टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेला असतात. सायकल कलली किंवा चाक गोठलेल्या चाकोरीच्या भिंतीला घासलं की त्या चावतात. स्पोक यांनी चाकोऱ्यांचं जे सांगितलं त्यावरून तुम्हाला चार ओळी हव्यात. दोन ओळींचा टायर चाकोरीतून बाहेर काढताना खांद्याचं नुसतं रबर टेकतं आणि पुढचं चाक भिंतीवरून सरकतं.

नावं हवी असतील तर: नोकियन हाक्कापेलिट्टा (आता सुओमी नावाने मिळतात) डब्ल्यू१०६ आणि डब्ल्यू२४०. नावातला आकडा हाच खिळ्यांचा आकडा. श्वाल्बेमध्ये 'विंटर' हा कमी खिळ्यांचा आणि 'मॅरेथॉन विंटर प्लस' हा चार ओळींचा, आत पंक्चररोधक पट्टा असलेला. 'आइस स्पायकर प्रो' माउंटन बाइकसाठी, गुटके मोठे आणि खिळे त्याहून जास्त. हायब्रिडच्या फ्रेममध्ये तो बहुधा मावणार नाही.

खिळा कशाचा आहे हेही विचारा. टोक टंगस्टन कार्बाइडचं हवं. नुसत्या पोलादाचे खिळे स्वस्त असतात, पण कोरड्या डांबरावर झिजून बोथट होतात, आणि तुमच्या प्रवासात कोरडं डांबरच जास्त आहे.

रबराचाही फरक पडतो. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीत मऊ राहतं, उन्हाळी टायरचं कडक होतं. म्हणून जुन्या टायरला खिळे ठोकून तोच परिणाम येत नाही.

दोन्ही चाकांना की एकाला? दोन्हींना. पैशांची अडचणच असेल तर पुढच्याला. मागचं चाक सरकलं तर सायकल वाकडी होते, पाय टेकून सावरता येतं. पुढचं सरकलं की सावरायला वेळच नसतो, सरळ खांद्यावर किंवा मनगटावर पडणं. मागे खिळे आणि पुढे साधा टायर ही जोडी मात्र कधीच नको. चढावर मागून जोर मिळतो म्हणून काही लोक ती करतात, आणि पहिल्या उतारावर आडवे होतात.

सियागंजचा_पाना (इंदूर)

टायर मागवण्याआधी मोजमाप. हे टायर इथल्या दुकानात तयार मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात आणि परत करणं महागात पडतं. म्हणून सांगतो.

पहिलं, माप इंचात वाचूच नका. टायरच्या अंगावर ४०-६२२ असा आकडा असतो. ४० म्हणजे फुगल्यावरची रुंदी मिमीत, ६२२ म्हणजे रिमवर जिथे टायरची तार बसते तिथला व्यास. तुमची ७००सी म्हणजे ६२२. बाहेरच्या खोक्यावर त्यालाच २८ इंच लिहिलेलं असेल. आपल्याकडच्या दूधवाल्या उभ्या सायकलीचं २८×१½ मात्र ६३५ आहे. दोन्ही '२८', एकमेकांत अजिबात बसत नाहीत. २६ मध्येही तीच गंमत: माउंटन बाइकचं ५५९, जुन्या सायकलीचं २६×१⅜ म्हणजे ५९०. २७.५ म्हणजे ५८४.

दुसरं, जागा. पुढचा चिमटा (फोर्क), मागच्या दोन्ही आडव्या दांड्या आणि त्यांना जोडणारा पूल, या तीन ठिकाणी आत्ताच्या टायरपासून किती फट आहे ते बघायचं. अॅलन चावीच फटीत घालून बघा: ६ मिमीची चावी चारी बाजूंनी मोकळी फिरली पाहिजे, आणि तीही नव्या टायरची वाढलेली रुंदी वजा केल्यावर. खिळा दीड-दोन मिमी बाहेर असतो, चाकाच्या तारा थोड्या ढिल्या असतील तर चाक डोलतं, वर ओला बर्फ चिकटून फट भरतो. खिळा फ्रेमला घासला तर अॅल्युमिनियम खरवडून निघतं. तुमचे ३८ चे टायर व्यवस्थित बसत असतील तर ४० पर्यंत जायला हरकत नाही. फट ५ मिमीच्या आत असेल तर ३५ घ्या, उगाच हट्ट नको.

तिसरं, मडगार्ड. दोन्ही काढा. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये लगदा साचतो आणि रात्रीत गोठतो. सकाळी चाक फिरतच नाही. चिखल अंगावर नको असेल तर सीटखाली लागणारं प्लास्टिकचं छोटं पान लावा.

१९ मिमीची रिम ३५ ते ४० ला चालेल.

रामबागेतला

काका, एक शंका. शंभर-दीडशे पत्र्याचे स्क्रू तुमच्या सियागंजात कितीला येतात? एखाद्या जुन्या माउंटन टायरला आतून ठोकले तर हजारोंचा खर्च वाचेल. व्हिडिओ भरपूर आहेत.

सियागंजचा_पाना

येतात स्वस्तात, आणि ते जमतंही. कसं करतात ते सांगतो, मग का करू नये तेही.

टायर उंच, चौकोनी गुटक्यांचाच हवा, २.१ इंच किंवा जास्त. गुटका ४ मिमी उंच, टायरचं कापड-रबर २ मिमीच्या आसपास, आणि बाहेर टोक २-३ मिमी हवं. बेरीज आठ-नऊ, म्हणून साडेनऊ-दहा मिमी लांबीचे सेल्फ टॅपिंग स्क्रू, रुंद चपट्या टोपीचे. २ मिमीच्या ड्रिलने बाहेरून गुटक्याच्या बरोबर मध्यातून आरपार भोक. टायर उलटा करून आतून स्क्रू आवळायचा, टोपी कापडाला टेकली की थांबायचं. पुढे रेटलं तर टोपी कापड चिरत जाते. मधल्या गुटक्यांत कमी, खांद्याच्या गुटक्यांत एक सोडून एक. सगळे बसले की जुनी ट्यूब लांबीत चिरून तिचं अस्तर आतून फिरवायचं, म्हणजे टोप्या ट्यूबला लागणार नाहीत. अस्तराच्या टोकांचा सांधा एकावर एक ठेवा, नाहीतर नेमकी तिथेच ट्यूब चिमटते.

आता बिघडतं काय. स्क्रू साध्या पोलादाचा, आत कुठलाही आधार नाही. कोरड्या डांबरावर टोकं बोथट होतात, ब्रेक मारला की स्क्रू कलतात आणि भोक मोठं करतात. भोकातून पाणी शिरून टोप्या गंजतात, गंजलेली टोपी अस्तर खाते आणि हळूहळू हवा जायला लागते. रोज सकाळी टायर अर्धा बसलेला, आणि पंक्चर शोधून सापडत नाही. टायर दीड-दोनशे ग्रॅमने जड होतो ते निराळंच. गोठलेल्या तळ्यावर रविवारची चक्कर मारायची असेल तर चालेल. ज्या रस्त्यावर बहुतेक डांबर आहे आणि पुढचं गाव तीस किलोमीटरवर, तिथे नाही.

तुमच्या हायब्रिडमध्ये २.१ चा टायर मावणारही नाही, तेव्हा चर्चा तशीही निष्फळ.

रामबागेतला

आणि रिमभोवती केबल टाय आवळतात ते?

सियागंजचा_पाना

डिस्क ब्रेक असेल तरच शक्य, रिमचा ब्रेक असेल तर तो पहिल्याच फेरीत टाय तोडतो. मऊ हिमात थोडा जोर देतात. बर्फावर प्लास्टिक काय चावणार? थंडीत ते काडीसारखं मोडतं आणि तुकडे स्पितीत पडून राहतात.

जानापाव (इंदूर)

हवेच्या दाबाचा हिशोब मांडतो, कारण '४५ भरून निघा' असं कोणी सांगितलं तर कुठे भरून, हा प्रश्न उरतो.

गेज दाखवतं तो आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक. इंदूर साडेपाचशे मीटरवर, बाहेरचा दाब सुमारे १३.८ पीएसआय. इथे २५ अंशाला ४५ भरले तर आतला एकूण दाब ५८.८. तापमान उणे १५ झालं की २९८ चे २५८ केल्व्हिन, म्हणजे गुणक ०.८६६. आतला दाब उतरून ५०.९. एवढ्यावर थांबलं तर गेज ३७ दाखवेल, थेट आठ पीएसआयची घट.

पण काझा ३,८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे बाहेरचा दाबच ९.२ आहे. ५०.९ मधून ९.२ गेले, उरले ४१.७. थंडीने खेचलेलं अर्धंअधिक उंचीने परत दिलं. निव्वळ घट तीन-साडेतीनची. (टायरचं आकारमान बदलत नाही असं धरलंय, तेवढी सूट द्यावी.)

उणे_वीस

हिशोब बरोबर, पण व्यवहारात तो एकाच कामाचा: इंदूरात भरलेल्या हवेवर विसंबू नका. तिथे पोचल्यावर, सायकल रात्रभर जिथे होती तिथल्या थंडीत, पंपाच्या गेजवर मोजा. खोलीत तंदूरशेजारी (खोली तापवायच्या शेगडीशेजारी) ठेवलेल्या चाकाचं माप बाहेर पडताच खोटं ठरतं. बॅटरीवाल्या गेजपेक्षा काट्याचं गेज न्या.

आकडे: ४० मिमी टायर, ९५ किलो वजन. कोरड्या पट्ट्यात मागे ५०, पुढे ४५. बर्फाचे पट्टे वाढले की मागे ३५-३८, पुढे ३०-३२. चार ओळींच्या टायरमध्ये हवेचा खेळ महत्त्वाचा. घट्ट फुगवला की टायर गोल होतो आणि जमिनीला मुख्यत्वे मधला भाग टेकतो, रस्ता हलका जातो. हवा उतरवली की टायर पसरतो आणि खांद्याचे खिळेही बर्फाला लागतात. टायरच्या अंगावर किमान दाब छापलेला असतो, त्याच्याखाली जाऊ नका. खाली गेलं की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिरडते आणि टायरचं कापडही बाजूने तुटतं.

रोज दहा वेळा हवा काढ-घाल कोणी करत नाही. सकाळी पुढचे पट्टे विचारून दिवसाचा एक आकडा ठरवा. माझं झुकतं माप कमी हवेकडे. चढ थोडा जड जाईल इतकंच.

स्पोक

वेळेचं जोडतो. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात निसरडा, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधरात तोच बर्फ कोरडा आणि टणक. म्हणून दुपारी तीन-चारला सावलीतली पण ओली झालेली लादी ही सकाळच्या लादीपेक्षा वाईट. उलट सकाळी आठला आदल्या संध्याकाळचं ताजं गोठलेलं पाणी दिसतच नाही. साडेनऊ-दहाला निघून अडीच-तीनपर्यंत मुक्कामाला टेकणं, हा मधला मार्ग. ताबो ते काझा पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, त्या वेळेत बसतं.

चोरलघाट

टायर ४०-६२२, चार ओळी, दोन्ही चाकांना. चावी घालून बघितलं, चिमट्यात ८ मिमी आणि मागच्या पुलाशी ७ मिमी फट आहे, म्हणजे बसतील. आता बसवणं आणि रुळवणं सांगा.

सियागंजचा_पाना

बसवताना जाड कातडी हातमोजे घाला. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, चेन आपल्या उजवीकडे धरून बाण पुढे. टायरचं अंग कडक असतं, म्हणून आधी तासभर उन्हात ठेवा. एक कड पूर्ण चढवा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, थोडी टाल्कम पावडर लावा आणि आत बसवा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हशी संपवा. शेवटी कड जड जाते तेव्हा टायर काढायचे लिव्हर लावण्याआधी उरलेली कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणा, ढील मिळते. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा म्हणजे ट्यूब कडेखाली अडकणार नाही. वीस पीएसआयला चाक फिरवून बघा, टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एके ठिकाणी बुडालेली दिसली तर हवा काढून तिथे मळा.

रुळवणं चुकवू नका. नवा खिळा रबरात पक्का बसलेला नसतो. साधारण ४० किलोमीटर कोरड्या, सपाट डांबरावर, पूर्ण हवेत, जोरात ब्रेक न मारता आणि उभं राहून पेडल न मारता चालवायचं. तेवढ्यात खिळा आपल्या जागी दबून बसतो. न रुळवता थेट बर्फावर नेलं तर पहिल्या दोन-तीन जोरदार ब्रेकांत खिळे उडतात. शहरात सिमेंटचे रस्ते झालेत, ते टाळून बायपासची बाजूपट्टी किंवा सुपर कॉरिडॉर पहाटे गाठा. आपल्या मालव्यातली खडी काळ्या दगडाची, कठीण. पण कार्बाइडला चाळीस किलोमीटरने काही होत नाही.

रुळवताना दोन ठिकाणी जपा: गुळगुळीत फरशी आणि लोखंडी झाकणं. खिळा तिथे रुतत नाही, नुसता सरकतो. पेट्रोल पंपावरच्या फरशीवर वळण घेऊ नका. आणि घरात टाइल्सवरून सायकल नेऊ नका, सासर असो की माहेर, ओरखडे निघत नाहीत.

चाकं उतरवताना पुढचा टायर, मागचा टायर आणि बाण अशा खडूने खुणा करा. रुळलेला टायर नंतर उलट दिशेने बसवला तर खिळे ढिले होतात.

जानापाव

आवाजाचं कोणी सांगितलं नाही. डांबरावर हे टायर सतत कुरकुरतात, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. आरसा लावा.

सियागंजचा_पाना

बरोबर. आता टायरला चिकटून असलेल्या तीन गोष्टी, कारण थंडीत तिथेच घोळ होतो.

पंक्चर. गोंदवाले तयार पॅच गोठलेल्या ट्यूबवर धरत नाहीत, आणि ट्यूब दमट असेल तर मुळीच नाही. सोल्यूशन सुकायलाही फार वेळ लागतो. रस्त्यात फक्त ट्यूब बदला, ठिगळ संध्याकाळी खोलीत लावा. तीन ट्यूब न्या, एक कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत. टायर काढायचे साधे प्लास्टिकचे लिव्हर थंडीत मोडतात, आतून पोलादी गाभा असलेले घ्या. टायर कडक असल्यामुळे जोर जास्त लागतो.

व्हॉल्व्ह. ट्यूबमध्ये ओलसर हवा गेली तर आतली सुई गोठून अडकते आणि हवा भरताही येत नाही, काढताही येत नाही. पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरची हवा अनेकदा ओली असते. निघण्याआधी हातपंपानेच भरा. मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब तुमच्या रिमच्या भोकात बसत असेल तर ती घ्या, वाटेत कुठल्याही गाडीवाल्याचा पंप लागतो. हातपंपाच्या आतल्या रबरी कड्याला थोडं सिलिकॉन ग्रीस.

मागचं फ्रीव्हील. इथले मिस्त्री हौसेने आत घट्ट ग्रीस कोंबतात. इंदूरात चालून जातं. उणे पंधरात ते मेणासारखं होतं, आतले कुत्रे (दातांत अडकणारे खटके) उघडत नाहीत आणि पेडल पुढे फिरतं तरी चाक हलत नाही. उघडून धुऊन पातळ तेल घाला. एवढं एक काम निघण्याआधी करून घ्याच, तिथे रस्त्यात होत नाही.

रामबागेतला

खिळेवाला टायर लावला म्हणजे मग बिनधास्त?

उणे_वीस

छे. खिळ्याने बर्फावर मिळते ती ओल्या डांबराइतकीही पकड नसते.

लादी दिसली की तिच्या आधीच वेग कमी करा, लादीवर नाही. हँडल सरळ, बूड सीटवर, हलक्या गिअरमध्ये गोल पेडल. पुढच्या ब्रेकला हात नको, मागचाही हळूच. सायकल कलवून वळू नका, हँडलने सावकाश वळा. चाकोरीत शिरलात तर तिच्यातच राहा आणि जिथे भिंत बसकी झाली असेल तिथून बाहेर पडा, तीही शक्य तितकी आडवी ओलांडून. सीट नेहमीपेक्षा बोटभर खाली ठेवा, म्हणजे पाय पटकन टेकतो. पायात अडकणारे पेडल नकोत, साधे रुंद पेडल आणि खोल नक्षीचे बूट. उतरून चालताना माणूसच आधी घसरतो, तेव्हा बुटाला चढवायचे खिळ्यांचे पट्टे खिशात ठेवा. कडेच्या लादीवर दरीच्या बाजूने कधीच नाही. ट्रक आला तर डोंगराच्या बाजूला उतरून उभं राहायचं.

चोरलघाट

शेवटचा प्रश्न. रामपूर ते रिकाँगपिओ रस्ता खालचा, सतलजच्या काठाकाठाने, तिथे बर्फ फारसा नसावा. तेवढ्यासाठी खिळेवाले टायर झिजवायचे का? आणि लावायचे नसतील तर न्यायचे कसे? तारेच्या कडेचे आहेत, घडी होत नाही.

स्पोक

रामपूर, वांगटू, टापरी, करछम, पोवारीपर्यंत साधे ३८ चे टायर. पोवारीहून सात-एक किलोमीटर चढून पिओ, तिथे मुक्काम, तिथेच टायर बदला. त्याच रस्त्याने परत यायचंय, त्यामुळे साधे टायर मुक्कामाच्या जागी ठेवून द्या, येताना बदलून घ्या. निघायच्या आदल्या दोन दिवसांत खालीही बर्फ पडल्याची बातमी असेल तर मात्र रामपूरलाच खिळेवाले चढवा.

सियागंजचा_पाना

तारेचा टायर तीन वेटोळ्यांत मावतो, तार न मोडता. टायर समोर उभा धरा, डावा हात वर, उजवा खाली. दोन्ही हात विरुद्ध दिशांना पिळून टायरचा इंग्रजी आठ करा, तो स्वतःवर दुमडा, तिसरं वेटोळं आपोआप पडतं. जोर करावा लागला तर पीळ चुकीच्या बाजूला दिलाय, सोडून उलट बाजूने करा. वेटोळी जुन्या ट्यूबच्या पट्टीने तीन ठिकाणी बांधा, वरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर खिळे बॅग फाडतात. आधी साध्या टायरवर सराव करा, मग खिळेवाल्याला हात लावा.

दोन्ही कॅरियरच्या वर आडवे बांधा. बसमध्ये सायकल चढवताना ते वेगळे घ्या, सायकलीवर ठेवले तर तिच्यावरच कोणीतरी पोतं टाकतं.